दाढ दुखायची थांबली, म्हणजे बरी झाली का?



आजचा विषय रूट कॅनाल. नुसतं नाव घेतलं तरी समोरच्या दोन-तीन रांगांत हात गालाकडे गेलेले आम्हाला इथून दिसतायत. घाबरू नका, आज कुणालाही खुर्चीत बसवणार नाही. फक्त समजून घ्यायचंय.

आम्हा दंतवैद्यांकडे येणारी माणसं अंधेरीची असोत, बोरिवलीची असोत, मुलुंड-घाटकोपरची असोत, एक वाक्य जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी असतं: ‘मध्ये खूप दुखत होती, मग आपोआप थांबली, म्हणून आलो नाही.’ यात त्यांचा आळस असतो असं नाही. सकाळची ठरलेली लोकल, संध्याकाळी घरी यायला आठ, रविवारी सोसायटीची मीटिंग. अशा दिनक्रमात दुखणं थांबलं की माणूस सुटकेचा श्वास टाकतो आणि पुढच्या कामाला लागतो. पोट दुखायचं थांबलं, डोकं दुखायचं थांबलं, तर आपण असंच करतो आणि बहुतेक वेळा ते चालूनही जातं.

दाताच्या बाबतीत मात्र ते चालत नाही. संसर्ग झालेल्या दाताच्या प्रवासात चार ठिकाणी दुखणं थांबतं, पण आजार थांबत नाही. या चार थांब्यांवरच लोक उतरून जातात आणि दात गमावतात. आजच्या व्याख्यानात आपण हे चारही थांबे क्रमाने बघू. मधेमधे रूट कॅनाल म्हणजे नेमकं काय करतात तेही येईल.

दाताच्या आत काय असतं

आधी दाताची रचना. सगळ्यात वर एनॅमल. आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ हाच, हाडापेक्षाही कठीण. त्याच्याखाली डेंटिन. हा थरही टणक असतो, पण त्याच्यात हजारो अतिसूक्ष्म नळ्या असतात. आणि डेंटिनच्या मध्यभागी एक पोकळी. त्या पोकळीत मऊ गर असतो. पुस्तकात त्याला दंतमज्जा म्हणतात, लोक ‘नस’ म्हणतात. खरं तर ती एकटी नस नाही. त्यात रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू आहेत, पेशी आहेत. ही पोकळी खाली मुळांमध्ये निमुळती होत जाते. मुळातल्या त्या बारीक नळीला रूट कॅनाल म्हणतात. म्हणजे रूट कॅनाल हे उपचाराचं नाव नाही, दाताच्या एका भागाचं नाव आहे. प्रत्येकाच्या प्रत्येक दातात तो असतो.

पुढच्या दातात बहुतेक वेळा एक नळी असते. खालच्या पहिल्या मोठ्या दाढेत सहसा तीन किंवा चार. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, पण नळ्या पुष्कळदा चार. ही चौथी नळी फार बारीक असते आणि सहज सापडत नाही. ती लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आता एक गोष्ट बघा. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली तर अंगठा सुजतो, कातडी ताणली जाते. दाताच्या आतल्या गराला सूज आली तर त्याला फुगायला जागाच नाही. चारही बाजूंनी टणक भिंती आणि रक्त आत-बाहेर जायला मुळाच्या टोकाशी एक मिलिमीटरपेक्षाही पुष्कळ लहान छिद्र. दातदुखी इतकी भयंकर का असते, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

कीड म्हणजे किडा नव्हे

आपण ‘दाताला कीड लागली’ म्हणतो. शब्द जुना आहे. सुश्रुतसंहितेत दातांच्या रोगांमध्ये ‘कृमिदंतक’ सांगितला आहे. दातात किडा असतो ही समजूत आपल्याकडेच होती असंही नाही, जगभर होती. आपल्याकडे रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे पाडतात. पडलेले ‘किडे’ लोक स्वतःच्या डोळ्यांनी बघतात, म्हणून विश्वास बसतो. प्रत्यक्षात दातात असा किडा कधीच नसतो. खाली पडतात ते बियांमधलेच बारीक पांढरे तुकडे.

दात किडतो तो जिवाणूंमुळे. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० साली आपल्या ग्रंथात हे मांडलं: तोंडातले जिवाणू साखर आणि पिष्टमय अन्न खातात, त्यातून आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल दाताला विरघळवतं. एनॅमल फुटलं की जिवाणू डेंटिनच्या नळ्यांतून आत सरकतात आणि एक दिवस गरापर्यंत पोहोचतात.

पुढचा प्रश्न असा, की गर मरतो तो नेमका कशाने? उघडा पडल्यामुळे, अन्न अडकल्यामुळे, की जिवाणूंमुळे? याचं उत्तर १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड या तिघांनी एका साध्या प्रयोगातून दिलं. त्यांनी उंदरांच्या दाढांना भोकं पाडून आतला गर उघडा केला आणि तसाच ठेवला. काही उंदीर नेहमीचे होते, काही पूर्णपणे जंतुमुक्त वातावरणात वाढवलेले. नेहमीच्या उंदरांचे गर सडले, मुळांच्या टोकाशी पू झाला. जंतुमुक्त उंदरांच्या दातांत अन्न अडकलं तरी गर जिवंत राहिला, इतकंच नाही तर भोकाच्या तोंडाशी नवीन कठीण थर तयार होऊ लागला. म्हणजे आजाराचं मूळ जिवाणू. रूट कॅनाल उपचाराचा सगळा खटाटोप या एका गोष्टीसाठी आहे: नळीतले जिवाणू काढायचे आणि पुन्हा आत येऊ द्यायचे नाहीत. ‘नस मारणे’ हा त्याचा उद्देश नाही. बहुतेक वेळा नस आधीच मेलेली किंवा मरायला टेकलेली असते.

पहिला थांबा: नस मरते तेव्हा

दुखण्याची भाषा थोडी ओळखायला शिकलो तर पुष्कळ दात वाचतील.

आइस्क्रीम खाल्लं, सणक गेली, आणि दोन-चार सेकंदांत थांबली. याचा अर्थ गर चिडलाय, पण अजून सावरू शकतो. अशा वेळी बहुधा कीड काढून सिमेंट भरलं की भागतं.

दुसरी पायरी. थंड लागल्यावर सुरू झालेला ठणका मिनिटभर, दोन मिनिटं थांबतच नाही. गरम चहाने उसळतो. रात्री आडवं झाल्यावर वाढतो, कारण झोपल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब थोडा वाढतो आणि बंद पोकळीतला ताणही. काही जण तर गार पाण्याची बाटली घेऊनच दवाखान्यात येतात, घोट तोंडात धरला तरच बरं वाटतं म्हणून. या पायरीवर गर सहसा वाचत नाही. आणखी एक गंमत म्हणा किंवा त्रास म्हणा, अशा वेळी नेमकी कुठली दाढ दुखतेय ते माणसाला सांगता येत नाही. वरची की खालची, यातही गोंधळ होतो. कान दुखतोय असंही वाटतं. म्हणून आम्ही प्रत्येक दाताला गार कापूस लावून बघतो, हळूच ठोकून बघतो, एक्स-रे काढतो.

आणि मग एके दिवशी सकाळी उठल्यावर दुखणं गायब. ना थंड लागत, ना गरम. घरी आनंदीआनंद. लवंगेचं तेल लावलं होतं त्याला श्रेय, कुणी दिलेल्या मंजनाला श्रेय. प्रत्यक्षात काय झालंय? आतले मज्जातंतू मेलेत. गजर वाजवणारी घंटाच तुटली. आग मात्र आहे तिथेच आहे. मेलेल्या गरात जिवाणूंना ऊब आहे, ओल आहे, खायला आहे, आणि त्यांना हटकायला रक्तच तिथे पोहोचत नाही.

इथून पुढे संसर्ग मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतो. महिनोन्महिने काहीही दुखत नाही आणि एक्स-रेवर मात्र मुळाच्या टोकाशी काळसर डाग दिसतो. तिथलं हाड विरघळलेलं असतं. कुणाच्या हिरडीवर बारीक पुळी येते, फुटते, खारट लागतं, बसते, परत येते. पुळी फुटत असते तोवर दाब साठत नाही, म्हणून दुखत नाही. पुळी ही बरं होण्याची खूण नाही, पुवाला सापडलेली वाट आहे. मग कधीतरी ती वाट बंद होते आणि रातोरात गाल सुजतो.

इथे एक गोष्ट गांभीर्याने सांगतो. दाताच्या सुजेबरोबर ताप आला, तोंड उघडेनासं झालं, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, सूज हनुवटीखाली, मानेकडे किंवा डोळ्याकडे सरकू लागली, तर दुसऱ्या दिवसाची अपॉइंटमेंट घेऊ नका. रात्रीचे दोन वाजले असतील तरी मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. घाटकोपरकडच्यांना राजावाडी आहे, अंधेरी-पार्ल्याकडच्यांना कूपर आहे, किंवा जवळचं कुठलंही मोठं रुग्णालय. मानेत पसरलेल्या सुजेने श्वासनलिका दाबली जाऊ शकते. अशी वेळ क्वचित येते, पण आली तर तासांचा हिशोब असतो.

दुसरा थांबा: गोळ्या घेतल्यावर

आपल्याकडे दाढ दुखली की पहिली पायरी दवाखान्याची नसते, नाक्यावरच्या मेडिकलची असते. ‘दाढदुखीवर काहीतरी द्या’ म्हटलं की एक वेदनाशामक आणि बरोबर एक अँटिबायोटिक अशी पुडी बऱ्याचदा हातात पडते. खरं तर अँटिबायोटिक डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणं नियमात बसत नाही. तरी तीन दिवस गोळ्या घेतल्या जातात, दुखणं उतरतं, उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात जातात.

गोळी काम कशी करते ते बघू. ती पोटात विरघळते, रक्तात मिसळते, आणि रक्त जाईल तिथे पोहोचते. मेलेल्या गरात रक्त जातच नाही. म्हणजे जिवाणूंचा अड्डा जिथे आहे तिथे औषध पोहोचत नाही. मुळाच्या बाहेर, हाडात पसरलेले जिवाणू कमी होतात, सूज ओसरते, बरं वाटतं. नळीतला साठा तसाच राहतो आणि काही आठवड्यांनी परत बाहेर येतो. आणि गर जिवंत असून फक्त सुजलेला असेल, तेव्हा तर अँटिबायोटिकने दुखणंही कमी होत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनात हेच सांगितलं: प्रकृती एरवी ठीक असलेल्या माणसाला, दाताचा उपचार लगेच करता येण्यासारखा असेल तर बहुतेक दातदुखीत अँटिबायोटिक देऊ नये. ताप किंवा पसरणारी सूज असेल तेव्हा ते लागतं, पण तेव्हाही दाताच्या उपचाराच्या जोडीला, त्याच्याऐवजी नाही.

वेदनाशामक गोळी वाईट नाही, डॉक्टरांना विचारून जरूर घ्या. पण पोटात अल्सर असलेल्यांनी, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्यांनी मनाने घेऊ नये. आणि ॲस्पिरिनची गोळी दुखऱ्या दाताशेजारी हिरडीला चिकटवून ठेवू नका. तिथली कातडी भाजून पांढरी पडते आणि एकाची दोन दुखणी होतात.

खुर्चीत नेमकं काय होतं

आता प्रत्यक्ष उपचार. आधी सुई देऊन भाग बधिर करतात. सुई देऊनही दुखलं, अशी तक्रार काही जण करतात. ती खरी असते. संसर्ग झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते, तिथे बधिर करणारं औषध नीट काम करत नाही. त्यासाठी दुसऱ्या जागी सुई देणं, जास्त वेळ थांबणं, असे उपाय असतात. म्हणून ‘जास्त दुखेल तेव्हा जाऊ’ हा हिशोब उलटा आहे. दुखणं कमी असताना आलात तर दात चांगला बधिर होतो.

मग दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावतात, त्याला रबर डॅम म्हणतात. थुंकी आत जाऊ नये, औषधं आणि हत्यारं घशाकडे जाऊ नयेत, हे त्याचं काम. मग दाताला वरून छिद्र पाडून पोकळी उघडतात आणि नळ्यांची तोंडं शोधतात.

नळी साफ करायला ‘फाइल’ नावाच्या सुईसारख्या बारीक कानशी असतात. १० नंबरच्या फाइलचं टोक ०.१० मिलिमीटरचं असतं. सुरुवात अशा बारीक फाइलने होते. नळी मुळाच्या टोकापर्यंत किती लांब आहे ते मोजणं महत्त्वाचं. कमी पडलं तर जिवाणू मागे राहतात, जास्त झालं तर हाडाला इजा होते. त्यासाठी एक छोटं विजेवर चालणारं यंत्र आहे. त्याची एक तार ओठाला, एक फाइलला लावतात, आणि टोक आलं की ते सांगतं. त्याच्या जोडीला एक्स-रे. दाताच्या एका छोट्या एक्स-रेचा किरणोत्सर्ग फार कमी असतो, साधारण एका दिवसात निसर्गातून आपल्याला मिळतो तेवढाच किंवा त्याहून कमी.

कानस फक्त वाट मोठी करते. खरी स्वच्छता औषधी पाण्याने होते. हे पाणी म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, फरशी-कपड्यांच्या ब्लीचमध्ये असतं तेच रसायन, फक्त ठरलेल्या प्रमाणात आणि अगदी जपून वापरलेलं. ते जिवाणू मारतं आणि मेलेला गर विरघळवतं. नळीला आडव्या-तिडव्या फांद्या असतात, तिथे फाइल पोहोचत नाही, पाणी पोहोचतं.

तिसरा थांबा: पहिल्या सिटिंगनंतर

दात उघडला, आतला पू किंवा सुजलेला गर निघाला, की आराम पडतो. एक-दोन दिवस चावताना थोडं दुखतं, मग तेही जातं. काही दातांचं काम एकाच बैठकीत पुरं होतं. संसर्ग जास्त असेल तर नळीत औषध ठेवून एक-दोन आठवड्यांनी परत बोलावतात. हे औषध म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. विड्याच्या पानाला आपण चुना लावतो ना, रसायन तेच. चुना अतिशय अल्कधर्मी असतो, त्यात जिवाणू तग धरत नाहीत. (हे ऐकून घरी दाढेत चुना भरू नका, तोंड भाजेल. आमच्याकडचा शुद्ध असतो आणि नळीच्या आतच ठेवायचा असतो.)

वरून तात्पुरतं सिमेंट लावून तुम्हाला घरी पाठवतात. हा तिसरा थांबा. दुखत नाही, मग गणपती येतात, मुलांच्या परीक्षा येतात, गावाला जाणं होतं, आणि दुसरी सिटिंग राहते ती राहतेच. तात्पुरतं सिमेंट नावाप्रमाणे तात्पुरतं असतं, काही आठवड्यांसाठीच. ते झिजलं, फटी पडल्या, की थुंकीबरोबर जिवाणू पुन्हा आत. सहा महिन्यांनी दात परत सुजतो आणि माणूस म्हणतो, ‘रूट कॅनाल केलं, पण उपयोग झाला नाही.’ खरं म्हणजे रूट कॅनाल अर्धंच झालेलं असतं.

पुढच्या बैठकीत नळी कोरडी करून कायमची भरतात. भरायला जे वापरतात त्याचं नाव गटापर्चा. हा मलायाकडच्या झाडाचा चीक, रबराचा चुलतभाऊ म्हणा. ओल शिरू देत नाही आणि शरीराला त्रास देत नाही. आपल्या मुंबईशी त्याचं एक जुनं नातं आहे. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने मुंबई ते एडन समुद्राखालून तारेची केबल टाकली आणि मुंबई तारेने लंडनशी जोडली गेली. समुद्राचं पाणी तारेत शिरू नये म्हणून त्या केबलला याच गटापर्चाचं आवरण होतं. पाणी अडवणं हे त्याचं काम तेव्हाही होतं आणि तुमच्या दाढेतही तेच आहे.

चौथा थांबा: कॅपच्या आधी

हा शेवटचा थांबा, आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच उतरतात. नळ्या भरल्या, दुखणं नाही, दाढेने चावताही येतं. डॉक्टर म्हणतात कॅप घाला. मनात येतं, ही पैसे काढायची युक्ती तर नाही?

शंका येणं स्वाभाविक आहे, म्हणून कारण सांगतो. रूट कॅनाल केलेला दात ‘वाळून’ ठिसूळ होतो असं लोक म्हणतात, पण मुख्य कारण ते नाही. मुख्य कारण म्हणजे दाताचा गेलेला भाग. १९८९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे मोजून बघितलं. रूट कॅनालसाठी पाडलेल्या छिद्राने दाताचा ताठपणा कमी झाला फक्त ५ टक्के. पण दाढेच्या दोन्ही बाजूंच्या कडा गेलेल्या असतील, म्हणजे कीड आरपार असेल, तर तो ६३ टक्क्यांनी कमी झाला. आपण रूट कॅनालला येतो तेव्हा बहुतेक दाढांची अवस्था ही दुसरी असते. अशी दाढ घेऊन आपण चकली फोडतो, सुपारी फोडतो, चिक्की खातो. एक दिवस ती उभी चिरते. चीर मुळात उतरली तर दात काढण्यावाचून इलाज राहत नाही. केलेलं काम, दिलेला वेळ, घातलेले पैसे, सगळं वाया.

२००२ साली आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात रूट कॅनाल झालेल्या दातांचा पाठपुरावा केला होता. त्यात कॅप नसलेले दात कॅप असलेल्या दातांच्या सहापट वेगाने गमावले गेले. पुढच्या दातांवर चावण्याचा भार वेगळा असतो, त्यांचा बराच भाग शाबूत असेल तर नुसत्या सिमेंटवर भागू शकतं. दाढेला मात्र सहसा कॅप लागतेच. ती धातूची, धातूवर पोर्सेलिनची किंवा झिर्कोनियाची असते. मागच्या दाढेला साधी धातूची कॅपही उत्तम काम करते, दिसायला चांदीसारखी दिसते एवढंच. बजेट कमी असेल तर भारी कॅपसाठी थांबून राहण्यापेक्षा साधी कॅप वेळेवर घातलेली बरी.

ठेवायचा की काढायचा

प्रत्येक दात वाचवावा असं आमचं म्हणणं नाही. मूळ उभं चिरलेलं असेल, कीड हिरडीखाली खोल गेली असेल, हिरडीच्या आजाराने दात हलत असेल, किंवा अक्कलदाढ असेल, तर काढणं शहाणपणाचं ठरतं. पण काढला की विषय संपला, असं मात्र नाही. शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात, समोरचा दात खाली किंवा वर सरकतो. जागा भरायची तर ब्रिजसाठी शेजारचे चांगले दात घासावे लागतात, नाहीतर इम्प्लांट, नाहीतर काढ-घाल करायची कवळी. काढणं स्वस्त वाटतं ते पहिल्या दिवशी. निर्णय घेताना पुढचा खर्चही विचारा.

आणि खर्च जमतच नसेल तर? बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत रूट कॅनाल बसत नाही, अपघात झाला असेल तर गोष्ट वेगळी. पण मुंबईत दोन सार्वजनिक दंत महाविद्यालयं आहेत: सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय. बोरिवली-अंधेरीहून नायरला, मुलुंड-घाटकोपरहून सीएसएमटीला थेट लोकल आहे. तिथे खर्च खासगीच्या मानाने पुष्कळ कमी येतो. मात्र गर्दी असते, खेपा जास्त पडतात, शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली सावकाश काम करतात. चार खेपांची तयारी ठेवूनच जा. तिसऱ्या खेपेला दुखणं थांबलेलं असेल, तेव्हा मगाचा तिसरा थांबा आठवा.

श्रोत्यांच्या चिठ्ठ्या

वेळ थोडा आहे, आलेल्या चिठ्ठ्यांपैकी चार घेऊ.

*‘वरची दाढ काढली किंवा तिचं रूट कॅनाल केलं तर नजर कमी होते का?’* नाही. दाताची संवेदना नेणारी नस वेगळी, दृष्टीची नस वेगळी. वयाच्या पंचेचाळिशी-पन्नाशीत दात आणि चष्म्याचा नंबर दोन्ही सोबतच त्रास देऊ लागतात, त्यामुळे लोक जोडी लावतात.

*‘रूट कॅनाल केलेला दात शरीरात विष पसरवतो, असं व्हॉट्सॲपवर आलंय.’* ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी कॅनडात दिलेल्या एका व्याख्यानात दातांतल्या संसर्गावर अनेक आजारांचं खापर फोडलं. त्यानंतर पुढची काही दशकं पाश्चात्त्य देशांत संधिवातासारख्या आजारांवर उपाय म्हणून लोकांचे दात सर्रास उपटले गेले. आजार काही बरे झाले नाहीत. नीट अभ्यास झाले तेव्हा ही कल्पना टिकली नाही. उपचार न केलेला सडका दात मात्र नक्कीच त्रासदायक, विशेषतः मधुमेह असलेल्यांना. संसर्गाने साखर चढते आणि चढलेल्या साखरेने संसर्ग वाढतो.

*‘केलेलं रूट कॅनाल किती वर्षं टिकतं?’* गॅरंटी कार्ड नसतं. २०१० साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत दोन ते दहा वर्षांनंतर ८६ ते ९३ टक्के दात तोंडात टिकून होते. फसतं तेव्हा कारणं साधारण ठरलेली: नळी सुटून गेली (मघाची ती चौथी नळी आठवा), वरून गळती झाली, किंवा मूळ चिरलं. पहिल्या दोन कारणांत पुन्हा उपचार करून दात बऱ्याचदा वाचतो. मुळाशी हाड भरून यायला सहा महिने, वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं. म्हणून सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रे काढून घ्या, काही दुखत नसलं तरी.

*‘डॉक्टर निवडताना काय बघावं?’* दंतवैद्याची राज्य परिषदेकडे नोंदणी असावी लागते, दवाखान्यात तो नंबर असतो, बघायला संकोच नको. अवघड दाढ असेल तर रूट कॅनालमध्ये एमडीएस झालेल्या डॉक्टरांकडे जाता येतं. आणि सुरुवातीलाच तीन गोष्टी विचारा: एक्स-रे दाखवाल का, एकूण सिटिंग किती, आणि कॅपसकट खर्च किती. तुम्हीही सांगा: मधुमेह, रक्तदाब, हृदयाची झडप बदललेली असेल तर ते, रक्त पातळ करायच्या गोळ्या, गरोदरपण. मनाने कुठली गोळी बंद करून येऊ नका.

बाकीच्या चिठ्ठ्यांची उत्तरं खाली थांबून देऊ. जाता जाता एवढंच करा. मागच्या वर्षभरात कुठली दाढ दुखून आपोआप थांबली असेल, तात्पुरतं सिमेंट घेऊन कुणी फिरत असेल, किंवा रूट कॅनाल होऊन कॅप राहिली असेल, तर या आठवड्यात एक एक्स-रे काढून घ्या. आत्ता दुखत नाहीये, म्हणजे जायला हीच सोयीची वेळ आहे.